पाऱ्याने बिघडलेल्या खाणीच्या जमिनीवर झाडं लावताना

एक हेक्टर जमीन घ्या. वरच्या २० सेंटिमीटर मातीचं वजन, घनता १.३ धरली तर, २,६०० टन भरतं. त्या मातीत किलोमागे १० मिलिग्रॅम पारा असेल तर एकूण पारा झाला २६ किलो. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, त्यामुळे हा सगळा ऐवज दोन लिटरच्या बाटलीत मावतो. आता त्या जमिनीवर मोहरी पेरली, वाळलेला पाला नि खोडं मिळून हेक्टरी ५ टन निघाले आणि त्यात किलोमागे १० मिलिग्रॅम पारा चढला, असं धरू. एका पिकामागे निघाला ५० ग्रॅम. बाटली रिकामी व्हायला ५२० पिकं लागतील. वर्षाला दोन पिकं घेतली तरी २६० वर्षं.

कामाला हात घालण्यापूर्वी हा हिशेब आपापल्या जमिनीचे आकडे घालून करावा. ‘झाडं मातीतलं विष शोषून घेतात’ हे निकेलच्या किंवा आर्सेनिकच्या बाबतीत काही वनस्पतींपुरतं खरं आहे. पाऱ्याचा असा हावरट साठेबाज निसर्गात अजून सापडलेला नाही. पारा मुळाशी पोचला की मुळांच्या पेशीभित्तिका आणि गंधकयुक्त रेणू त्याला तिथेच धरून ठेवतात, वर पानात फार थोडा जातो. शिवाय मातीतला बहुतेक पारा सेंद्रिय पदार्थांना चिकटलेला किंवा गंधकाशी जखडलेला असतो. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचंच खनिज, आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. मुळांच्या वाट्याला येतो तो उरलेला सैल हिस्सा.

पण माणसाला, माशाला आणि विहिरीला जो त्रास होतो तो मुख्यतः या सैल हिश्श्याचा, आणि उडणाऱ्या धुळीचा, पावसात वाहणाऱ्या गाळाचा. झाडांचा खरा उपयोग तिथे आहे: माती जागेवर धरून ठेवणं, आणि जमलं तर सैल हिस्सा कमी करणं. जखडलेला पारा जिथे आहे तिथे राहू द्यायचा. पुढचं सगळं मार्गदर्शन या भूमिकेतून आहे.

उदाहरणासाठी जागा घेऊ इंडोनेशियातल्या लोंबोक बेटावरची सेकोटोंग. तिथे २००८ च्या सुमारास हातखाणी सुरू झाल्या. दगड फोडून ‘गलुंडुंग’ नावाच्या लोखंडी पिंपांत पाणी आणि पारा घालून काही तास फिरवतात, सोनं पाऱ्यात उतरतं, तो गोळा फडक्यातून पिळून ज्योतीच्या टॉर्चने जाळतात. या पद्धतीत निम्म्याहून कमी सोनं हाती लागतं. म्हणून उरलेला दळलेला गाळ, ज्याला टेलिंग म्हणतात, सायनाइडच्या टाक्यांकडे जातो. त्यांना तिथे ‘टोंग’ म्हणतात. एकाच गाळात पारा आणि सायनाइड असं दुहेरी दुखणं तिथून तयार होतं, आणि अशा गाळात किलोमागे हजार मिलिग्रॅमच्या वर पारा आढळलेला आहे. लोंबोकवरच्याच मातारामचं विद्यापीठ आणि न्यूझीलंडच्या मॅसी विद्यापीठातले संशोधक यांनी इथे बरंच काम केलं, म्हणून ही जागा शिकायला बरी.

आधी नळ बंद करा

शेजारी गलुंडुंग चालू असताना झाडं लावणं म्हणजे गळक्या नळाखाली फरशी पुसणं. यात आणखी एक मेख आहे. झाडाची पानं हवेतली पाऱ्याची वाफ थेट ओढून घेतात. जवळपास कुणी गोळा जाळत असेल तर पानांत पारा भरपूर सापडेल, आपण खूश होऊ, आणि मातीतला एक कणही हललेला नसेल.

मिनामाता करार १६ ऑगस्ट २०१७ पासून अमलात आहे. त्यात सोन्याच्या हातखाणीतल्या चार प्रथा बंद करायला सांगितल्या आहेत: अख्ख्या दळलेल्या दगडात पारा घालणं, गोळा उघड्यावर जाळणं, वस्तीत जाळणं, आणि पारा आधी न काढता त्याच गाळाला सायनाइड लावणं. जमीन सुधारायला निघालेल्याने आधी आपल्या जागेवर यातलं काय चालू आहे ते पाहावं. किमान सहा महिने काम थांबलेलं नसेल तर रोपांवर पैसे घालू नयेत, असं आमचं मत आहे.

मोजणी: एका थेंबाने नकाशा बिघडतो

जागेचे चार भाग पाडा: गोळा जाळायची जागा, पिंपांची जागा, गाळाचे खड्डे, आणि पावसाचं पाणी वाहून जातं ती घळ. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. जाळण्याच्या जागी पारा वरच्या चार-पाच सेंटिमीटरांत असतो, कारण तो वाफेतून खाली बसलेला आहे. पिंपांजवळ द्रव पारा सांडून खोल उतरलेला असतो. घळीत तो बारीक गाळासोबत जाऊन वळणांवर, जिथे पाणी मंदावतं तिथे साचतो.

वीस बाय वीस मीटरच्या चौकटी आखून प्रत्येक चौकटीतल्या पाच ठिकाणची माती एकत्र करून एक नमुना करा. खोली ०–५, ५–२०, २०–५० आणि पिंपांच्या जागी ५०–१०० सेंटिमीटर. गाळाच्या खड्ड्यात चौकट निम्मी करा. नमुने झाकणाच्या काचेच्या बरणीत भरून थंड जागी ठेवा. माती १०५ अंशांच्या भट्टीत वाळवून पाठवणं ही नेहमीची चूक आहे. मातीपरीक्षणाची सवय तशी असते, पण त्या उष्णतेला पारा उडतो. सावलीत वाळवा, २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळा, ओलावा मोजायला वेगळा भाग काढा.

प्रयोगशाळेकडून तीन गोष्टी मागा: एकूण पारा, पाण्यात विरघळणारा पारा, आणि पीएच. सायनाइड वापरलेल्या गाळात सायनाइडही. हातात धरायच्या क्ष-किरण यंत्राने घळ आणि खड्डे यांचा ढोबळ नकाशा झटपट होतो, मात्र किलोमागे दहा मिलिग्रॅमच्या आसपास त्याची नजर संपते. त्याने ‘नाही’ म्हटलं म्हणजे जागा स्वच्छ, असं धरू नये.

दर दहा नमुन्यांमागे एक नमुना दोनदा तपासून घ्या. दोन आकड्यांत तिप्पट-चौपट फरक आला तर प्रयोगशाळेवर चिडण्याआधी मातीत द्रव पाऱ्याचे थेंब आहेत का ते पाहा. सोनं झारायच्या पाटीत दोन किलो माती घेऊन पाण्यात हलवा. तळाला चंदेरी मणी उरले तर उत्तर मिळालं. एक मिलिलिटर पारा म्हणजे १३.६ ग्रॅम, मोहरीच्या दाण्याएवढा थेंबही एका नमुन्याचा आकडा आभाळाला नेऊ शकतो.

कुठे झाड, कुठे फावडं

शेतजमिनीसाठी कॅनडाचा निकष किलोमागे ६.६ मिलिग्रॅम आहे आणि औद्योगिक जागेसाठी ५०. आपल्याकडे कोडाईकनालच्या बंद थर्मामीटर कारखान्याच्या आवारातल्या मातीसाठी २० हा आकडा ठरला होता. हे आकडे समोर ठेवून आम्ही असं करू: ६.६ च्या आत साधं गवत पुरे. तिथून ५० पर्यंत झाडांचं खरं क्षेत्र. ५० च्या पुढे किमान २०–३० सेंटिमीटर स्वच्छ मातीचा थर टाकून मग झाडं. आणि जिथे थेंब दिसतात किंवा आकडा शेकड्यांत आहे, तिथे आधी फावडं, मग झाड.

थेंबांची माती पाण्याच्या बारीक धारेवर, चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून धुतली तर बराच पारा पत्र्याला धरतो. गोळा झालेला पारा जाड प्लॅस्टिकच्या किंवा पोलादी बाटलीत, वर पाण्याचा थर ठेवून. ॲल्युमिनियमचं भांडं कधीही नको, पारा ते खातो. धुण्याचं पाणी आणि गाळ वेगळ्या अस्तर केलेल्या खड्ड्यात. कामाला नायट्राइल हातमोजे, गमबूट जागेवरच सोडायचे, आणि मास्क पाऱ्याच्या वाफेसाठीच्या खास डब्यांचा. धुळीचा मास्क कितीही महाग असला तरी वाफ अडवत नाही. गरोदर बायका आणि मुलं कुंपणाबाहेर.

माती उभी करणं

टेलिंग म्हणजे दगडाचं पीठ. त्यात नत्र नाही, ह्यूमस नाही, पावसात ते सिमेंटसारखं बसतं आणि उन्हात धुळीसारखं उडतं. त्यात रोप लावून ते जगलं नाही तर दोष पाऱ्याला दिला जातो. बहुधा मारलेलं असतं उपासमारीने किंवा आम्लाने.

गंधकी खनिजं असलेला गाळ हवेत आला की पीएच ४ च्या खाली घसरतो. किती चुना लागेल ते अंदाजाने ठरवू नका. एकेक किलो मातीचे चार डबे करा, त्यात ०, २, ४ आणि ८ ग्रॅम चुनखडीची भुकटी मिसळा, वाफशाएवढी ओल ठेवून दोन आठवड्यांनी पीएच मोजा. ज्या डब्यात ६ ते ६.५ आला तो आपला. समजा ४ ग्रॅमचा डबा लागू पडला, तर एका गुंठ्याच्या २० सेंटिमीटर थरात २६ टन माती धरून १०४ किलो चुनखडी लागेल.

सायनाइड टाक्यांतून आलेल्या गाळाची गोष्ट उलटी. त्याचा पीएच ९–१० च्या वर असतो आणि हात शिवशिवतो तो खाली आणायला. तसं करू नका. सायनाइड शिल्लक असताना आम्ल, गंधक किंवा आम्लधर्मी खत टाकलं तर हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. शिवाय सायनाइड पाऱ्याला विरघळवून घेतं आणि पाझराबरोबर खाली नेतं. असा गाळ अस्तरावर पातळ पसरून, उन्हात, पावसापासून झाकून ठेवा आणि सायनाइडची तपासणी कोरी येईपर्यंत थांबा.

पीएच जागेवर आला की गुंठ्याला ३०० ते ४०० किलो चांगलं कुजलेलं कंपोस्ट आणि वरच्या १० सेंटिमीटरांत शंभर-सव्वाशे किलो भाताच्या तुसाचा किंवा करवंटीचा कोळसा मिसळा. कोळसा पारा धरून ठेवतो, ओलही धरतो. ताजं शेण मात्र टाळा. ओल साचलेल्या, प्राणवायू नसलेल्या मातीत ताजं सेंद्रिय खाद्य मिळालं की काही जीवाणू साध्या पाऱ्याचा मिथाइल पारा करतात, आणि तो अन्नसाखळीत कैक पटींनी घातक. चीनमधल्या ग्वेइचौ प्रांतातलं वानशान हे पाऱ्याच्या खाणींचं गाव याचा धडा आहे. तिथल्या लोकांच्या पोटात मिथाइल पारा मुख्यतः माशांतून नाही, भातातून गेला, कारण भातखाचरं पाण्याने भरलेली असतात. म्हणून आपल्या वाफ्यात पाणी कधीही तुंबू द्यायचं नाही, आणि बिघडलेल्या जमिनीच्या खालच्या अंगाला भातशेती असेल तर पाटाचं पाणी वेगळं वळवायचं.

वाळ्याच्या ओळी

माती धरायला वाळ्यासारखं गवत नाही. मुळं सरळ खाली दोन-तीन मीटर जातात, बाजूला पसरत नाहीत, आणि ओळ दाट झाली की ती जिवंत बांधासारखी गाळ अडवते. दक्षिण भारतीय, बी न धरणारं वाण घ्या; बी धरणारं वाण इतरत्र पसरतं.

जुन्या गड्ड्यातून तीन-चार फुटव्यांचे तुकडे काढा. पात २० सेंटिमीटरवर आणि मुळं ८–१० सेंटिमीटरवर छाटा. रात्रभर पाण्यात किंवा शेणकाल्यात बुडवून ठेवले तर फूट लवकर येते. उताराला आडवी, समपातळीत सरी काढून १५ सेंटिमीटर अंतरावर लावा. दोन ओळींत दोन मीटर अंतर ठेवलं तर गुंठ्याला ५० मीटर ओळ आणि साधारण ३३० फुटवे लागतात. त्यावर दहा टक्के नांग्या भरायला राखून ठेवा. पहिल्या महिन्यात नांग्या भरल्या नाहीत तर ओळीतल्या त्या खिंडारातून पाणी जोराने धावतं आणि तिथेच घळ पडते. तीस मीटर ओळीत एक हातभर भोक, आणि सगळी मेहनत त्या भोकातून वाहून जाते.

लावणीचा हंगाम पावसाच्या तोंडाशी. लोंबोकमध्ये पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणजे आपल्या जून-जुलैची लगबग तिथे नोव्हेंबर-डिसेंबरात.

ओळींच्या मधल्या पट्ट्यात तिथलंच, आपोआप उगवलेलं गवत वाढू द्या. खाणीच्या कडेला जे आधीच जगतंय ते निवडून आलेलं असतं. सेकोटोंगच्या प्रयोगांत पास्पालम कॉन्जुगाटुम हे पसरणारं गवत आणि लव्हाळ्याच्या कुळातलं सायपरस किलिंगिया वापरलं गेलं. झुडूप हवं असेल तर मोगली एरंड: दोन मीटरवर एक, गुंठ्याला २५, हातभर लांबीच्या फांद्या लावल्या तरी फुटतात. कोलंबियातल्या सोन्याच्या खाणपट्ट्यातही तो पाऱ्याच्या मातीत तपासला गेला आहे. शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत हा मोठा गुण. पण बिया शेंगदाण्यासारख्या लागतात आणि मुलं त्या खाऊन दवाखान्यात पोचतात, तेव्हा वस्तीच्या बाजूला तो नको.

खाण्याजोगं काहीही लावू नका. लोंबोकमध्ये कांगकुंग, म्हणजे आपली नाळीची भाजी, रोजच्या जेवणात असते. वाफ्यात हिरवीगार भाजी दिसली की ती खुडली जाणार, पाटीवर काहीही लिहिलेलं असो.

हायपोची फेरी, आणि ती करावी का

पारा मुळातून वर चढवायचा असेल तर त्याला विरघळवणारं काही द्यावं लागतं. थायोसल्फेट ते काम करतं: पाऱ्याला धरून पाण्यात विरघळणारा संयोग करतं आणि झाड तो पाण्याबरोबर ओढतं. जुन्या फोटो स्टुडिओत काम केलेल्यांना सोडियम थायोसल्फेट ‘हायपो’ म्हणून माहीत असेल. न्यूझीलंडमधल्या तुई खाणीच्या गाळावर मॅसी विद्यापीठाच्या संशोधकांनी २००० नंतरच्या दशकात मोहरी आणि अमोनियम थायोसल्फेट अशी जोडी वापरून पाहिली; पुढे वानशान आणि सेकोटोंग इथेही याच धर्तीवर प्रयोग झाले.

आधी कुंड्या. दोन किलो मातीच्या कुंड्यांत किलोमागे ०, १, २ आणि ४ ग्रॅम अशा मात्रा, प्रत्येकी तीन कुंड्या, खाली ताटली. सोबत तीन कुंड्या स्वच्छ मातीच्या, तिथेच ठेवलेल्या. या तीन म्हणजे हवेच्या साक्षीदार. त्यांच्या पानांतही पारा आला तर तेवढा हवेतून आलाय, तो वजा करायचा. ही एक गोष्ट वगळल्यामुळे कितीतरी ‘यशस्वी’ आकडे फुगलेले असतात.

समजा २ ग्रॅमची मात्रा ठरली. एका गुंठ्याच्या २६ टन मातीला ५२ किलो अमोनियम थायोसल्फेट. त्यात सुमारे १९ टक्के नत्र असतं, म्हणजे जवळपास १० किलो नत्र एका गुंठ्यात. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्र देतात. हा हिशेब हेक्टरी ९८० वर जातो, जवळजवळ चौपट. पीक करपणारच, आणि उरलेलं नत्र नायट्रेट होऊन विहिरीकडे जाणार. सोडियमचा हायपो घ्यावा तर त्याच कामाला ५२ च्या जागी ८७ किलो लागतो आणि १६ किलो सोडियम मातीत जाऊन ती चोपण होते. दोन्हींत सुख नाही. त्यामुळे ही फेरी सगळ्या जमिनीवर नको. ज्या वाफ्यात पाण्यात विरघळणारा पारा जास्त आहे आणि भूजल खोल आहे तेवढ्यावरच.

क्रम असा. पाऊस संपता संपता पेरणी, आठ-नऊ आठवडे साधी वाढ, मोहरी असेल तर फुलोऱ्याच्या आधी. पीक पूर्ण अंगाला आल्यावरच मात्रा, कारण त्यानंतर ते फार दिवस जगणार नाही. पुढचे दहा दिवस पाऊस नाही याची खात्री करा. वाफ्याला चारी बाजूंनी बांध, खालच्या अंगाला प्लॅस्टिक अंथरलेला चर. ५२ किलो १,५०० ते २,००० लिटर पाण्यात विरघळवून, ठिबकने किंवा झारीने मुळाशी, तीन दिवसांत तीन हप्त्यांत. दोन हजार लिटर म्हणजे गुंठ्यावर २० मिलिमीटर पाणी. वाळूसर टेलिंगचा वरचा थर कोरडा असेल तर तेवढं धरतो, त्याहून जास्त खाली पाझरतं. पानांवर पडू देऊ नका. मातीचा पीएच आधी तपासा: आम्ल मातीत थायोसल्फेट फुटून गंधक बाहेर पडतं आणि आगकाडी ओढल्यावर येतो तसा वास येतो. तो वास आला की औषध वाया गेलं, पारा आहे तिथेच.

पाच ते सात दिवसांनी कापणी. पानांच्या कडा जळलेल्या, झाडं मान टाकलेली दिसतील, ते अपेक्षित आहे. सपाट वाफ्यात झाडं मुळासकट उपटा, कारण धसकटं राहिली तर तीच सर्वांत जास्त पारा परत मातीत सोडतात. उतारावर मात्र उपटू नका, कापा.

गुंठ्याला ५० किलो वाळलेला माल आणि त्यात किलोमागे ४० मिलिग्रॅम, इतकं जमलं तर हाती येतो २ ग्रॅम पारा. लहान वाटाण्याएवढा थेंब. किलोमागे १० मिलिग्रॅम धरून गुंठ्यात एकूण २६० ग्रॅम पारा असतो, त्याच्या तुलनेत तो नगण्य आहे. पण सैल हिस्सा २ टक्के, म्हणजे पाच ग्रॅमच्या आसपास असेल, तर तीन फेऱ्यांत त्याला खिंडार पडतं. मग हळूहळू जखडलेल्या पाऱ्यातून थोडा परत सैल होतो, म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा मोजायचं.

मात्रेनंतर जमीन उघडी ठेवणं ही या पद्धतीतली सर्वांत महाग चूक. विरघळलेला पारा अजून मातीत असतो आणि पहिल्या पावसात निघून जातो. कापणीच्याच आठवड्यात कोळसा आणि कंपोस्ट मिसळून, औषध न देता दुसरं दाट गवत पेरा.

(पारा वाफ करून हवेत सोडणारी जनुकबदल केलेली झाडंही आहेत. जीवाणूंचं जनुक घालून १९९६ मध्ये अमेरिकेत अरबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या रोपाची अशी जात तयार झाली, नंतर पॉपलरची जात. आपल्या कुंपणातला पारा शेजाऱ्याच्या हवेत घालण्याची ही युक्ती खाणीवर वापरावी असं आम्हाला वाटत नाही.)

कापलेल्या पाल्याचं काय

इथे बहुतेक प्रकल्प ढेपाळतात. पाला सरपण नाही, चारा नाही, गांडूळखत नाही. पारा ३५७ अंशांना उकळतो आणि साधी शेकोटीही त्याच्या वर जाते. पाला पेटवला की वर्षाची कमाई दहा मिनिटांत गावाच्या हवेत. ओला माल उघड्या पण छप्पर असलेल्या जागी, माणसांच्या वावरापासून दूर, सावलीत वाळवा, दाबून गठ्ठे करा, दुहेरी प्लॅस्टिक पिशवीत वजन, वाफ्याचा क्रमांक आणि तारीख लिहून ठेवा. पुढचा मुक्काम घातक कचऱ्याच्या परवानाधारक केंद्रात, किंवा वाफ थंड करून पारा पकडणाऱ्या बंद भट्टीत, जिच्या धुराड्याला गंधक मुरवलेल्या कोळशाची गाळणी आहे. ही सोय आधी लेखी पक्की झाली नसेल तर हायपोची फेरी करूच नये. नुसत्या वाळ्यावर थांबावं.

तपासणीसाठीचा पाला मात्र वेगळा हाताळा: धूळ जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने धुऊन, मूळ आणि पान वेगळं, ४० अंशांच्या वर न वाळवता.

पुढची वर्षं

वाफ्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाला एकेक निरीक्षण नळी भूजलापर्यंत उतरवा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा आणि प्रत्येक हायपोच्या फेरीनंतर दर आठवड्याला पाणी तपासा. पिण्याच्या पाण्याची भारतीय मानकातली मर्यादा लिटरमागे ०.००१ मिलिग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची ०.००६. खालच्या नळीचा आकडा वरच्यापेक्षा चढू लागला की औषध बंद. घळीच्या तोंडाशी गाळ अडवणारा खड्डा ठेवून दर पावसाळ्यात त्यातला गाळ मोजा: किती पाट्या निघाल्या आणि त्यात पारा किती. वाळ्याचं यश या पाट्यांत दिसतं, पानांच्या तपासणीत नाही. पहिल्या वर्षी भरपूर, तिसऱ्या वर्षी तळाला थोडासा, असं झालं तर ओळी लागल्या म्हणायच्या.

वाळा दरवर्षी पावसाआधी ४० सेंटिमीटरवर कापा, पात तिथेच दोन ओळींत आच्छादन म्हणून पसरा. छपरांसाठी कुणी मागितली तरी देऊ नका.

आणि मुळांवर पहारा ठेवा. इंडोनेशियात गारूतसारख्या भागात वाळ्याच्या तेलाचा मोठा धंदा आहे, आपल्याकडे उन्हाळ्यात माठात टाकायला वाळ्याची जुडी विकत घेतात. दोन-तीन वर्षांत गड्डे भरले की कुणीतरी कुदळ घेऊन येतंच. मुळं खणली की धरलेली माती सुटते, आणि त्याच मुळांत सर्वांत जास्त पारा बसलेला असतो. म्हणून लावणीच्या दिवशीच गावातल्या वाळा विकत घेणाऱ्या व्यापाऱ्यांना जागा दाखवून ठेवा, आणि वस्तीची बाजू सोडून कुंपणाच्या आतल्या पहिल्या दोन ओळींत मोगली एरंड दाट लावा.